‘किंचित’ हा शब्द माझा आहे

बसा, सगळे बसा. मागे उभे आहेत त्यांना कुणीतरी खुर्च्या द्या. मला थोडा वेळ लागणार आहे.

मी वैशाली. शंकर गायकवाड यांची थोरली मुलगी. धायरीतली मंडळी मला शाळेच्या गणवेशापासून ओळखतात. डेपोतली मंडळी मला ‘गायकवाड ड्रायव्हरची शिकलेली पोर’ म्हणून ओळखतात. आपण सगळे कामधंदा सोडून आलात. कात्रजहून ड्यूटी बदलून घेऊन आलात. आईच्या वतीनं, धाकट्या बहिणीच्या वतीनं मी आपल्यापुढे हात जोडते.

बोलणं अवघड आहे. हे प्रत्येक शोकसभेत म्हणतात. माझ्या बाबतीत कारण वेगळं आहे. मला रडू आवरत नाहीये असं नाही. मला राग आवरत नाहीये. मामा सकाळी म्हणाला, “चार ओळी बोल, हात जोड आणि खाली बस.” मामा, चार ओळींत मावत नाही रे.

आत्ताच डेपोचे साहेब बोलून बसले. पांढरा शर्ट, हातात मोठा हार. साहेब म्हणाले, “शंकर आमच्या कुटुंबातला होता.” साहेब म्हणाले, “घटना दुर्दैवी आहे.” साहेब, तुम्ही छान बोललात. टाळ्या वाजवायची पद्धत नसते म्हणून, नाहीतर वाजवल्या असत्या.

तुम्ही ‘दुर्दैवी’ म्हणालात. मी तेरा दिवस त्या दैवाचा पत्ता शोधते आहे. तो मला सापडला. तो तुमच्या डेपोचाच निघाला.

पण आधी आप्पांबद्दल बोलते. शोकसभा त्यांची आहे.

आप्पा लहान होते तेव्हा धायरी गाव होतं. ओढा, शेतं, एक शाळा. शहरातली बस दिवसातून मोजक्या वेळा यायची आणि शाळेपुढच्या मैदानात वळायची. आप्पा सांगायचे, बस आली की पोरं मागं धावायची. ड्रायव्हर खाली उतरला की गावातलं कुणीतरी त्याला भाकरीला बोलवायचं. आज पाटलांकडे, उद्या गुरवांकडे. आमच्या आजीनंही त्याला पिठलं वाढलं होतं. आप्पांनी त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याचे हात बघितले. एवढ्या मोठ्या चाकावर फिरलेले हात. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपण हेच करायचं.

आणि केलं. ज्या गाड्यांवर ते शिकले त्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून असायचं. उन्हाळ्यात डावा पाय भाजायचा. गिअर टाकायला खांदा लागायचा. कंडक्टरची घंटा म्हणजे छताखालून गेलेली दोरी. एक टोला थांब, दोन टोले चल. आप्पा म्हणायचे, दोरी कशी ओढली त्यावरनं मला कळायचं, आज कंडक्टरचं घरी भांडण झालंय.

मग नव्या गाड्या आल्या. मग ठेकेदारांच्या गाड्या आल्या. मग गार हवेच्या, बॅटरीवरच्या गाड्या आल्या. पहिल्यांदा बॅटरीची गाडी चालवून आले तेव्हा आम्ही दोघी बहिणी विचारत होतो, कशी आहे, कशी आहे. आप्पा म्हणाले, “गाडी झ्याक हाय. पर बोलत न्हाई. बोलली न्हाई तर तिला काय दुखतंय ते आपल्याला कळायचं कसं?”

बाकी पुण्यात बस येत नाही, ती प्रकट होते, हा विनोद तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे. आप्पांच्या तोंडावरसुद्धा केलेला आहे. आमचे शेजारी कुलकर्णीकाका नेहमी म्हणायचे, “काय गायकवाड, आज तुमची गाडी वेळेवर आली. तब्येत बरी आहे ना?” आप्पा हसायचे. म्हणायचे, “काका, तुमी मोटार घेतली, त्यांनी घेतली, समोरच्यांनी दोन घेतल्या. त्या समद्या माझ्या म्होरं उभ्या हायेत. मी उडत येऊ का?”

पण ते बसवर विश्वास ठेवायचे. देवावर ठेवतात तसा नाही, आपल्या हातावर ठेवतात तसा. हिंजवडीच्या मार्गावर होते तेव्हा एकदा मी त्यांच्याच गाडीत बसून कामाला गेले. गाडी भरलेली होती, माणसं दारात लोंबत होती. मी उतरताना म्हटलं, “आप्पा, केवढी गर्दी!” तर म्हणाले, “भरलेली गाडी बघितली की मला बरं वाटतं. तेवढ्या मोटारी आज घरी झोपल्यात.” मी आजवर जी पुस्तकं वाचली त्यांत शहराबद्दल याहून शहाणं वाक्य मला सापडलेलं नाही. सातवी पास माणसाचं वाक्य आहे.

तर असा माणूस. आता तो गेला कसा ते सांगते. इथे काही जणांना अर्धवट माहीत आहे, आणि काही जणांना चुकीचं सांगितलं गेलं आहे.

गेले काही आठवडे आप्पांकडे एक जुनी डिझेल गाडी होती. भंगारात जायला निघालेली, पण रस्त्यावर गाड्या कमी पडतात म्हणून पुन्हा मार्गावर लावलेली. तिच्या ब्रेकची हवा टिकत नव्हती. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो, हे मला आता कळलं. समोर एक काटा असतो. हवा भरली की काटा वर, हवा उतरली की खाली. काटा खाली गेला की पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही.

संध्याकाळी गाडी डेपोत आली की ड्रायव्हरनं गाडीतला बिघाड वहीत लिहायचा. आपल्या डेपोत तिला बिघाडवही म्हणतात. खिडकीत दोरीनं बांधलेली असते. ड्रायव्हर लिहितो, मग फोरमन गाडी बघतो, शेजारी शेरा लिहितो आणि सही करतो. सकाळी तो शेरा बघून ड्रायव्हर गाडी बाहेर काढतो. चांगली पद्धत आहे. वही खोटं बोलत नाही असं धरून ती बनवली आहे.

आप्पांनी वहीत लिहिलं. रोज लिहिलं. त्यांच्या अक्षरात, त्यांच्या भाषेत. ‘हवा टिकत न्हाई. तीन ब्रेकला काटा खाली. चवथ्याला गाडी ऐकत न्हाई.’ आणि रोज शेजारी शेरा पडला. ‘पाहिले. ठीक.’

दोन शब्द. पाहिले. ठीक.

तो शेरा लिहिणारे फोरमन कदमकाका इथे बसले आहेत. चौथ्या रांगेत, खांबाच्या आड. काका, दर दिवाळीला तुम्ही आमच्याकडे फराळाला येता. आईच्या चकल्या डब्यात भरून नेता. आप्पांनी तुम्हाला विचारलं होतं, “कदम, बघितलं काय?” तुम्ही म्हणालात, “सामानच नाही रे शंकर, बघून काय करू?” आप्पांनी विचारलं, “मग ठीक कसं लिवलं?” तुम्ही म्हणालात, “ठीक लिहिलं नाही तर गाडी निघत नाही. गाडी निघाली नाही तर साहेब मला काढतात.” हे आप्पांनी घरी येऊन सांगितलं. तुमच्यावर चिडून नाही सांगितलं. तुमची कीव करून सांगितलं. मला त्यांच्यासारखं जमणार नाही, काका. मी तुमची कीव करत नाही.

आणि त्यांनी गाडी का नाकारली नाही? एकानं मला हे घरी येऊन विचारलं. आप्पांनी मागे एकदा गाडी नाकारली होती. मग आठवडाभर त्यांना डेपोच्या बाकावर बसवून ठेवलं. हजर असून काम नाही. येणारा जाणारा बघणार आणि हसणार. अठ्ठावीस वर्षं चाक धरलेल्या माणसाला बाकावर बसवलं. त्यानंतर ते नाकारायला भ्याले. हो, भ्याले. मी त्यांना देव करायला उभी राहिलेली नाही.

त्याऐवजी त्यांनी काय केलं, ते शेलारमावशींना माहीत आहे. शेलारमावशी त्यांच्या गाडीच्या कंडक्टर. त्या समोर बसल्या आहेत, हात अजून प्लास्टरमध्ये आहे. मावशींनी मला दवाखान्यात सांगितलं. आप्पा ब्रेक मोजायचे. मोठ्यानं. “एक. दोन.” तिसऱ्याच्या आधी मोकळी जागा बघून गाडी हळू करायची, हवा भरू द्यायची, काटा वर आला की पुन्हा एकपासून. प्रवाशांना वाटायचं ड्रायव्हर जप करतोय. एका आजींनी मावशींना विचारलंसुद्धा, “कुठल्या महाराजांचे गं हे?”

त्या दिवशी सकाळी कात्रजच्या उतारावर एक मोटार आडवी आली. एक. मग पुढचा रिक्षावाला मध्येच थांबला. दोन. उतार होता, हवा भरायला वेळ मिळाला नाही. वळणावर तीन. खाली डावीकडे स्टॉप, स्टॉपवर माणसं. उजवीकडे रस्त्याच्या कामाचा मातीचा ढीग आणि सिमेंटचे ठोकळे. आप्पा ओरडले, “मावशी, माणसं मागं घ्या!” आणि गाडी उजवीकडे घातली.

ड्रायव्हरची बाजू उजवी असते.

स्टॉपवरच्या एकाही माणसाला खरचटलं नाही. गाडीतले सगळे वाचले. हे ऐकून तुम्ही म्हणाल, केवढा मोठा माणूस. हो. पण खात्याच्या अहवालात काय आहे ते ऐका.

दहाव्या दिवशी डेपोतून एक गृहस्थ घरी आले. हातात अहवालाचा कागद. आईला म्हणाले, “इथे सही करा, वाचून समजलं म्हणून.” आईला वाचता येत नाही. मी कागद घेतला. ते म्हणाले, “वाचायची गरज नाही ताई, फॉर्मॅलिटी आहे.” मी म्हटलं, “वाचून समजलं असं लिहिलंय. वाचू तरी द्या.” मी वाचला. त्यात होतं, अपघात चालकाचा अंदाज चुकल्यामुळे झाला. चालकाचा निष्काळजीपणा. येत्या शुक्रवारी शेवटची सुनावणी, मग त्यावर शिक्का. मग शंकर गायकवाड कायमचे निष्काळजी.

मी डेपोत गेले. साहेबांना म्हटलं, “बिघाडवही दाखवा.” आमचं बोलणं जसंच्या तसं सांगते.

साहेब म्हणाले, “अहो ताई, वही सापडत नाहीये. पावसात भिजली.”

मी म्हटलं, “साहेब, हा उन्हाळा आहे.”

साहेब म्हणाले, “मग टाकी फुटली असेल.”

“असेल?”

“फुटली होती. तुम्ही बसा ना. चहा घेता?”

बघा, पुण्यात मे महिन्यात नळाला पाणी नाही, पण आपल्या डेपोत एक टाकी अशी फुटते की तीन आठवड्यांची वही तेवढी वाहून जाते. मी चहा घेतला नाही. हे एवढंच मी त्या दिवशी बरोबर केलं.

कारण साहेबांनी मग दुसरा कागद काढला. तो मात्र कोरडा होता. खणखणीत होता, वर डेपोचा आवक शिक्का होता. म्हणाले, “हे बघा, तुमच्या वडिलांनी स्वतःच दिलेला अर्ज. यात काय लिहिलंय बघा.” तो कागद मी लांबूनच ओळखला. अक्षर माझं होतं.

आता जे सांगते ते आईलाही मी कालच सांगितलं. त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

वहीत लिहून काही होईना, तेव्हा आप्पा एका संध्याकाळी म्हणाले, साहेबाला अर्जच देऊ. आणि मला बोलावलं. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. बी. ए., मराठी विषय घेऊन. अर्जलेखनात मला कधी एक गुणही कमी पडला नाही. मी ओट्याशेजारी पाट घेऊन बसले, पॅड मांडीवर. आप्पा सांगायला लागले.

“लिही. हवा टिकत न्हाई. तीन ब्रेक मारलं की काटा खाली. चवथ्याला गाडी ऐकत न्हाई.”

मी म्हटलं, “आप्पा, अर्जात असं लिहीत नाहीत.”

“मग कसं लिवत्यात?”

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘महोदय, सदर वाहनाचा ब्रेक किंचित कमी लागत असल्याचे जाणवते. तरी आपल्या सोयीनुसार तपासणी व्हावी, ही नम्र विनंती.’

आप्पा म्हणाले, “किंचित म्हंजी?”

“थोडासा.”

“थोडासा कुठं हाय गं? ऐकतच न्हाई गाडी.”

“आप्पा, साहेबांना राग येईल असं लिहून चालत नाही. नम्र भाषा असली की माणूस काम करतो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले. “बरं बाई. तू शिकलीस. तुझंच खरं.” आणि सही केली. दुसऱ्या दिवशी डेपोत तो अर्ज देताना चार जणांना दाखवला म्हणे. “माझ्या लेकीनं लिवलाय. बघा अक्षर.”

अहवालात हेच वाक्य आहे. ‘चालकाने स्वतःच्या अर्जात दोष किंचित असल्याचे व तपासणी सोयीनुसार करावी असे नमूद केले आहे. सबब वाहन धोकादायक होते असे म्हणता येत नाही.’

त्यांनी रोज खरं लिहिलं, ते पाण्यात गेलं. मी एकदा गोड लिहिलं, ते राहिलं.

किंचित. हा शब्द माझा आहे. आप्पांच्या तोंडात हा शब्द आयुष्यात कधी आला नाही. त्यांना भूक लागली तर ते ‘भूक लागली’ म्हणायचे. कॉलेजनं मला शिकवलं की वरच्या माणसाशी बोलताना आवाज खाली घ्यावा, विशेषण छोटं करावं, आपली अडचण त्याच्या सोयीची करावी. मी ते शिकले. बक्षिसं मिळवली. आणि माझ्या बापाच्या जिवाची गोष्ट मी ‘आपल्या सोयीनुसार’ करून दिली.

म्हणून मी स्वतःला माफ करत नाही. आणि म्हणूनच, साहेब, मी तुम्हालाही माफ करणार नाही. मला तो हक्क मिळाला आहे असं मी समजते. जो स्वतःवरचा हिशेब उघडा करतो त्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवावं. मी उघडा केला. आता तुमची पाळी.

आमच्या वाड्या-वस्तीतल्या बायका मला समजावतात. “वैशाली, शांत हो गं. सुडाची भाषा नको. आप्पांच्या आत्म्याला त्रास होईल.” मावशी, काकू, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण आप्पांच्या आत्म्याला जो त्रास व्हायचा तो कात्रजच्या उतारावर झाला. माझ्या बोलण्यानं त्यात भर पडणार नाही.

मला सूड हवा आहे. हा शब्द मी विचार करून वापरते, आणि या वेळी तो छोटा करत नाही. साहेब, तेरा दिवस मी पडल्या पडल्या काय बघते सांगू? तुमची ती पांढरी मोटार. त्याच उतारावर. पुढे रिक्षा. आणि तुमचा पाय ब्रेकवर, आणि तुम्ही मोजताय. तीनपर्यंत. मग माझे डोळे उघडतात, आणि मला वाईट वाटतं. स्वप्न मोडलं म्हणून वाईट वाटतं.

घाबरू नका. मी तुमच्या मोटारीला हात लावणार नाही. आप्पांनी मला गाडी चालवायला शिकवलं नाही, शिकायला पाठवलं. मला लिहिता येतं. मी तेवढंच करणार आहे.

परवापासून रोज संध्याकाळी, गाड्या आत येतात त्या वेळी, मी डेपोच्या फाटकाबाहेर बसणार आहे. कामावरनं परस्पर येईन. एक पॅड आणि कार्बन कागद. ज्या ड्रायव्हरला बिघाड लिहायचा आहे त्यानं सांगावं, मी लिहीन. सांगेल तसाच. ‘न्हाई’ला ‘नाही’ करणार नाही, ‘हाय’ला ‘आहे’ करणार नाही. गाडी ऐकत नसेल तर ‘ऐकत न्हाई’ लिहीन. वरची प्रत तुमच्या खिडकीत, खालची माझ्याकडे. माझ्या घरातली टाकी फुटत नाही.

तुमची बदली झाली तर तिथल्या फाटकावर येईन. तुम्हाला बढती मिळाली तर त्या कचेरीच्या दारात बसेन. तुमच्या निवृत्तीचा समारंभ होईल, कुणीतरी म्हणेल, ‘साहेब आमच्या कुटुंबातले.’ तेव्हा मी मागच्या रांगेत असेन, हातात खालच्या प्रती घेऊन. माझं वय चोवीस आहे. माझ्याकडे भरपूर वेळ आहे.

पण शुक्रवार जवळ आहे. आणि शुक्रवारसाठी मी एकटी पुरत नाही.

मी सुनावणीत सांगणार आहे, किंचित हा शब्द माझा. ते म्हणतील, मुलगी आहे, बापासाठी खोटं बोलते. म्हणू देत. पण ती वही ज्यांनी वाचली आहे असे लोक या हॉलमध्ये बसले आहेत. साहेब विसरले की वही एकट्या आप्पांची नव्हती.

ड्रायव्हर काका-दादांनो, ऐका. वहीत एकाखाली एक ओळी असतात. आप्पांच्या ओळीच्या खाली रोज कुणीतरी आपली ओळ लिहिली आहे. कुणाचा आरसा तुटला होता, कुणाचं दार लागत नव्हतं. खाली लिहायचं म्हणजे वरचं दिसतं. तीन आठवडे रोज कुणीतरी ‘चवथ्याला गाडी ऐकत न्हाई’ हे वाचलं आणि त्याच्याखाली पेन टेकवलं. तुम्ही कोण आहात? मला नावं माहीत नाहीत. तुम्हाला तुमची नावं माहीत आहेत.

शेलारमावशींना चौकशीत एकच प्रश्न विचारला. “गाडीचा वेग किती होता?” आप्पा ब्रेक मोजत का होते, हे कुणी विचारलं नाही. मावशी शुक्रवारी न विचारता सांगणार आहेत. त्यांनी मला शब्द दिला आहे. मावशी, तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, जबानीवर अंगठा डाव्याचा लावा.

तुम्हाला भीती वाटते, मला ठाऊक आहे. तो बाक तुमच्यासाठीही आहे. मी म्हणत नाही की घाबरू नका. आप्पाही घाबरले होते. घाबरून या. पण या.

आता सभा संपवायची वेळ झाली. श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायची आपली पद्धत आहे. सगळे उभे राहतात, घड्याळ बघतात, बसतात. आज माझी एक विनंती आहे, आणि ती नम्र नाही. डेपोतल्या लोकांपैकी फक्त त्यांनीच उभं राहायचं, जे शुक्रवारी येऊन सांगतील की आम्ही ती ओळ वाचली होती. ज्यांना येता येणार नाही त्यांनी बसून राहावं. मी त्यांना काही बोलणार नाही. पण खोटं उभं राहायचं नाही.

धायरीकरांनो, आई, आत्या, आपण सगळे उभे राहू.

थांबते मी. घाई नाही.

शेलारमावशी. हो.

तुम्ही... पवार ना? दाराची तक्रार तुमची होती? बरं. उभे राहा, दादा.

आणखी एक. आणखी.

कदमकाका.

काका, खांबाआडून पुढे या. सगळ्यांसमोर एक सांगते. माझा राग तुमच्या उभं राहण्यानं गेलेला नाही. तो जाईल असं मी कबूलही करत नाही. ‘ठीक’ का लिहिलं आणि कुणी लिहायला लावलं, हे शुक्रवारी सांगा, आणि मग दिवाळीला घरी या की नका येऊ, ते आई ठरवेल. पण आत्ता उभे राहा.

आप्पा, तुमची लेक तुम्हाला नमस्कार करते.

आता कुणी काही बोलू नका. दोन मिनिटं.

साहेब, तुम्ही का उठलात? बसा. तुम्ही बसा.